बाईंनी उतरवलेली पॅनलं

बाईंना "बाई" म्हणायची सवय त्यांच्या विद्यार्थ्यांनी लावली आणि पुढं ती सगळ्यांनाच लागली. तंत्रनिकेतनात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तोही चारचौघांत त्यांना बाईच म्हणायचा, आणि लेक चिडली की मुद्दाम म्हणायची, "बाई, आज जेवायला मिळणार आहे का?" बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, कपड्यांना खिसा नसेल तर तो शिवून घेणाऱ्या बाई. स्क्रू ड्रायव्हर ठेवायला खिसा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

राग मात्र त्यांचा साधा नव्हता. तो भडकायचा नाही, मुरायचा. जिन्यातली त्यांची कुंडी एका शेजाऱ्यानं सायकल चढवताना फोडली आणि मांजरानं फोडली म्हणून सांगितलं. पण पुढं तो शेजारी जिन्यात भेटला की त्या हटकून विचारायच्या, "मांजर बरंय ना?" त्या माणसानं शेवटी घर बदललं. कारण दुसरंच असेल, पण बाईंनी त्याचं श्रेय घेतलं.

तंत्रनिकेतनातल्या त्यांच्या एका विद्यार्थ्याला सगळे हिरो म्हणायचे. मागचा बाक, उभी कॉलर, परीक्षेत काठावर पास, पण बोलण्यात असा गोड की शिक्षकांच्या खोलीत त्याला शिक्षा करायला बोलवायचे आणि चहा पाजून परत पाठवायचे. पुढं मामाचा लिफ्ट बसवायचा धंदा त्याच्या हातात आला. काही वर्षांनी तो बाईंच्या घरी आला, सोफ्यावर न बसता त्यांच्या पायाशी स्टुलावर बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही इथं नुसते खडू झिजवताय. माझ्याकडं या. लिफ्टला डोकं द्या."

त्याला लिफ्टच्या आत बटणांऐवजी मोबाइलसारखी काच हवी होती. बोट लावलं की मजला, वर सोसायटीच्या सूचना, हवामान. शिवाय लिफ्टची मोटर तापली, दोर झिजला, की लिफ्टनं स्वतःहून ऑफिसला कळवायचं. बाईंना कल्पना आवडली. तिथं फळा नव्हता, हजेरी नव्हती, आणि बरेच दिवसांनी कुणीतरी त्यांच्यासमोर न सुटलेला प्रश्न ठेवला होता. त्यांनी नोकरी सोडली.

टायरच्या दुकानावर एक खोली होती. खाली टायरात हवा भरायचा आवाज, वर बाई. टेबलावर तळहाताएवढे उघडे बोर्ड: प्रोसेसर, मेमरी, वायरी खोचायच्या जागा, सगळं एकाच पाटीवर. अशा बोर्डावर बाईंना मोबाइलमधली सिस्टीम चालवायची होती. सगळं नव्यानं लिहिण्यापेक्षा ते शहाणपणाचं होतं. बोटाचा स्पर्श, आवाज, कॅमेरा, फोन लावणं, हे त्या सिस्टीमला आयतंच येत होतं. अडचण एवढीच होती की तिला आपण मोबाइलच आहोत असं वाटायचं. ती आधी बॅटरी शोधायची. बॅटरी सापडली नाही की घाबरून बंद पडायची. बाईंनी तिला खोटं सांगायला शिकवलं, की बॅटरी आहे आणि ती कायम भरलेली आहे. मग ती अधूनमधून काच काळी करून झोपायला बघायची. तेही मोडलं. कधी पडदा आडवा करायची, कधी सगळं बाजूला सारून नवी आवृत्ती घेऊ का म्हणून विचारायची, तेही लिफ्टमध्ये माणसं उभी असताना. बाई म्हणायच्या, सासरी आलेल्या पोरीला माहेर विसरायला लावायचं कामसुद्धा इतकं जिकिरीचं नसेल.

शेवटी ती सिस्टीम लिफ्टची झाली. एक दुखणं तेवढं राहिलं. वीज अचानक गेली आणि नेमकं त्या वेळी मेमरी कार्डावर काही लिहिलं जात असलं, तर वीज आल्यावर कधीकधी ते काचेचं पॅनल उठायचं नाही, सुरुवातीच्या चित्रावर अडकून बसायचं. बाईंनी सांगितलं, खोचायची कार्डं नकोत, बोर्डावर पक्की बसवलेली मेमरी घ्या. आणि दुसरं सांगितलं ते लाल बटण. काचेवरचं चित्र नव्हे, खरं बटण. त्याची वायर वेगळी, त्याची छोटी बॅटरी वेगळी, दाबलं की खाली वॉचमनपाशी घंटा वाजणार. बोर्डाशी त्याचा काहीही संबंध नाही.

"एवढ्या देखण्या काचेखाली ते लाल टेंगूळ कशाला, बाई?" हिरो म्हणाला.

"काच मेली तर आतला माणूस मरू नये म्हणून."

त्यानं हात जोडले आणि मान्य केलं. पहिली पॅनलं तशीच बसली, खाली पोलादी पट्टी, पट्टीला भोक, भोकात लाल बटण. शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. हिरोनं बाईंना व्यासपीठावर नेलं. बाई हळव्या झाल्या होत्या. माइकवर म्हणाल्या, "हे माझं अपत्य आहे." टाळ्या पडल्या. त्या वाक्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला.

त्यानंतर बाईंची आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. भाऊ एकटा, आईला उचलायला बाईमाणूस हवं, म्हणून बाई भावाच्या गावी गेल्या आणि आई चालती होईपर्यंत तिथंच राहिल्या. परत आल्या तर टायरच्या दुकानावरच्या खोलीत नव्या पट्ट्यांची चळत होती आणि एकाही पट्टीला भोक नव्हतं. खोके उघडून बघितले तर आत खोचायची स्वस्त कार्डं. लाल बटण आता काचेवर होतं. छान दिसत होतं, हळूहळू उजळायचं, मावळायचं.

बाईंनी त्या दिवशी हिरोला सगळ्या कामगारांसमोर झापलं. तो खाली मान घालून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. म्हणाला, ऑर्डर घाईची होती, पुढच्या महिन्यात सगळीकडं बटणं बसवतो, शब्द देतो. बाईंनी त्याच्यावर विश्वास ठेवला. लिफ्ट इन्स्पेक्टरचं ऑफिस टायरच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. त्या गेल्या नाहीत. रोज त्याला विचारत राहिल्या, आणि तो रोज म्हणत राहिला, करतो ना बाई.

एका सुट्टीच्या दिवशी एक निवृत्त झालेले कारकून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. ऑफिसात काचेची पेटी होती, तिच्यात मासे होते, आणि सुट्टीच्या दिवशी माशांना खायला घालायचं काम त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. इमारत रिकामी. खाली येताना वीज गेली आणि लगेच आली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. पॅनल सुरुवातीच्या चित्रावर अडकलं. खिशात मोबाइल होता, पण त्या पोलादी पेटीत रेंज येत नव्हती. वॉचमन मागच्या अंगाला होता. संध्याकाळी त्यानं दार ठोठावल्याचा बारीक आवाज ऐकला, तोवर त्यांच्या छातीत कळ येऊन गेली होती. दवाखान्यात त्यांचा प्राण गेला.

चौकशी झाली. हिरो काळा शर्ट घालून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "डोकं बाईंचं, बोर्ड बाईंचा. मी साधा लिफ्ट बसवणारा माणूस. मला त्यातलं काय कळतं?" कार्यक्रमात बाई काय म्हणाल्या होत्या ते त्यानं ऐकवलं. बाईंनी लाल बटणाबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, असं बटण कधी ठरलंच नव्हतं. पहिल्या पॅनलांच्या भोकाच्या पट्ट्याही तोवर बदलून झाल्या होत्या, एकही सापडेना. हिरोकडचा म्हातारा फिटर, ज्यानं स्वतःच्या हातानं ती बटणं बसवली आणि काढली होती, तो जमिनीकडं बघत म्हणाला, आठवत नाही. पुराव्याअभावी कुणालाच शिक्षा झाली नाही, पण दोष बाईंच्या नावावर राहिला. बातम्यांत त्यांचा व्यासपीठावरचा फोटो आला.

बाहेर व्हरांड्यात हिरो त्यांच्याजवळ आला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "बाई, तुमचं आता करायचं ते करून झालंय. माझ्या जिवावर किती घरं चालतात. समजून घ्या."

बाई पुढं कितीतरी वर्षं सांगायच्या, की खोटं बोलला ते मी एक वेळ सोडलं असतं. पण समजून घ्या म्हणाला, ते माझ्या डोक्यात रुतलं.

त्याच आठवड्यात कारकुनांची मुलगी बाईंच्या दारात आली. ती दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून तशीच आली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. "माझ्या बाबांनी त्या काचेवर बोटं घासली होती," ती म्हणाली. "सगळ्या काचेवर ठसे होते. त्या लाल चित्राच्या जागी तर काच नुसती माखली होती. तुम्हाला झोप लागते का?" एवढं बोलून ती जिना उतरून गेली. त्यानंतर दोनदा बाईंनी दाराच्या भोकातून तिला बाहेर उभी बघितली आणि दार उघडलं नाही. पुन्हा तेच ऐकायची त्यांच्यात ताकद नव्हती.

तंत्रनिकेतननं परत घेतलं नाही. नवरा म्हणाला, सोड आता, दुकानात बस, चष्मे विक. बाईंनी दुकानात बसायचं मान्य केलं, पण मागची अर्धी खोली मागून घेतली. तिथं त्यांनी टेबल मांडलं आणि तेच बोर्ड आणले, तीच मोबाइलची सिस्टीम, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मेमरी पक्की. या वेळी सिस्टीमचा गाभा असा कुलूपबंद, की चालू असताना त्यावर कुणालाच काही लिहिता येऊ नये, म्हणजे वीज हजार वेळा गेली तरी ती जशी होती तशी उठेल. बोर्ड मुकाट झाला तर त्याला गदागदा हलवून जागं करणारं एक छोटं वेगळं सर्किट. आणि खाली लाल बटण, मुठीएवढं, दिसायला भलतंच ओबडधोबड. नवरा म्हणाला, जरा लहान चालेल की. बाई म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यात खुपलं पाहिजे."

मग त्या बाहेर पडल्या. हिरोची पॅनलं कुठल्या कुठल्या इमारतीत आहेत हे त्यांना पाठ होतं. इमारतीच्या सेक्रेटरीला गाठायचं, बाकी काही बोलायचं नाही, फक्त म्हणायचं, मेन स्विच पाडा आणि चालू करा. पुन्हा पाडा, पुन्हा चालू करा. मी चहा पिते तोवर. बहुतेक वेळा पॅनल उठायचं. पण कधी ना कधी अडकायचंच, आणि सेक्रेटरीच्या चेहऱ्याचा रंग बदलायचा. बाईंना तो क्षण फार आवडायचा.

एका इमारतीचा सेक्रेटरी हिरोचा दोस्त होता. तो म्हणाला, लोकांना घाबरवून धंदा करता होय? बाई म्हणाल्या, तुम्हीच आत उभे राहा. तो हसत आत गेला, दार बंद झालं, बाईंनी स्विच खालीवर करायला सुरुवात केली. बऱ्याच खेपांनंतर पॅनल अडकलं. आत तो पहिल्यांदा काचेवर टिचक्या मारत होता, मग हाका, मग दोन्ही हातांनी दार बडवायला लागला. बाई लिफ्टच्या दाराची चावी हातात घेऊन बाहेर उभ्या होत्या. दार उघडलं तेव्हा तो घामानं निथळत होता, आणि त्यानं तिथल्या तिथं होकार दिला. दार उघडायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला हे बाईंनीच घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आणि सांगताना त्या हसत होत्या. नवऱ्याला ते हसू आवडलं नाही. तो काचा पुसत राहिला.

उतरवलेलं प्रत्येक पॅनल बाई घेऊन यायच्या आणि दुकानाच्या भिंतीवर टांगायच्या. चष्म्याला आलेली माणसं त्यांत स्वतःचं तोंड बघून फ्रेम लावून बघायची. त्यांना वाटायचं, आरसेच आहेत नव्या तऱ्हेचे. हळूहळू एक भिंत भरली. मग दुसरी भरत आली. हिरोनं भाव पाडले, बाईंनी दुरुस्ती फुकट केली. त्यानं बाईंविरुद्ध जुन्या बातम्या वाटल्या, बाईंनी त्याच बातम्या स्वतः सेक्रेटरींच्या हातात द्यायला सुरुवात केली. म्हणायच्या, "वाचा. ह्यातली बाई मीच. ज्या बटणासाठी मी भांडले ते हे." पहिल्यांदा पोट भरायला चाललेलं काम आता तेवढ्यासाठी राहिलं नव्हतं. शहराबाहेरच्या मोठ्या ऑर्डरी त्यांनी नाकारल्या, कारण तिथं हिरोचं काही नव्हतं.

तो म्हातारा फिटरही एक दिवस आला. हिरोकडं पगार वेळेवर होईनात. बाईंनी त्याला गिऱ्हाइकांच्या बाकावर दुपारभर बसवून ठेवलं. मग बोलावून म्हणाल्या, "आठवायला लागलं का?" तो रडायला लागला. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. दया म्हणून नव्हे. फिटर गेला की हिरोचा उजवा हात जातो, हा हिशेब होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

लेक परगावी नोकरीला लागली. सुट्टीत आली की जेवताना बाई सांगायच्या, आज त्याची अमुक इमारत घेतली, आता नदीकडची राहिली. एकदा लेक ताट तसंच ठेवून म्हणाली, "आई, तू त्याचं नाव दिवसातून जितक्यांदा घेतेस ना, तितक्यांदा माझं घेत नाहीस." बाई म्हणाल्या, तुझं सगळं चांगलं चाललंय म्हणून. ते उत्तर लेकीला पुरलं नाही आणि बाईंना पुरलं.

शेवटी हिरोकडं फारसं काही उरलं नाही. टायरच्या दुकानावरची खोली त्यानं सोडली. आणि एका सकाळी तो चष्म्याच्या दुकानात आला. कॉलर उभी नव्हती, केस पिकले होते. एक आजोबा फळ्यावरची अक्षरं वाचत होते, त्यांचं होईपर्यंत तो भिंतीवरच्या आपल्याच पॅनलांसमोर उभा राहिला.

तो राहायचा त्या इमारतीतली लिफ्ट त्याचीच होती आणि बंद पडली होती. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. आई सर्वांत वरच्या मजल्यावर, अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, व्यायामासाठी तिला दवाखान्यात न्यावं लागायचं. खुर्चीत घालून जिन्यानं उतरवायचा प्रयत्न झाला होता आणि ती घसरता घसरता वाचली होती.

"बाई, माझ्याकडं बघू नका. आईकडं बघा."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं नाही. म्हणाल्या, त्या नर्ससमोर चल. लाल बटण कुणी काढलं ते माझ्यासमोर तिला सांग. त्याच दिवशी मी पॅनल बसवते. तो हो म्हणाला.

बाईंनी फिटरकरवी नर्सला निरोप धाडला. तिनं दवाखान्यातच या म्हणून कळवलं, नर्सेसच्या खोलीत. बाई आणि हिरो गेले तेव्हा तिथं ती एकटी नव्हती. मोठ्या सिस्टर होत्या, आणखी दोघी होत्या, डबे उघडे होते, पण कुणी जेवत नव्हतं. हिरो दचकला. बाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग तो बोलला. बटण ठरलं होतं. बाई नसताना मी काढायला लावलं. कार्डंही मीच स्वस्त घेतली. चौकशीत खोटं बोललो. बोलता बोलता त्याच्या आवाजात जुना गोडवा यायला लागला, माझीही लेकरं आहेत वगैरे. तेव्हा नर्सनं हात वर करून त्याला थांबवलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि ते ती हिरोला नव्हे, बाईंना म्हणाली. "फिटरकाका वर्षाच्या आत माझ्याकडं येऊन सांगून गेले होते, साक्ष द्यायला मात्र तयार नव्हते. मी त्यानंतर तुमच्या दारात आले. दोनदा. आपण दोघी मिळून इन्स्पेक्टरकडं जाऊ म्हणायला. तुम्ही आत होतात. भोकात उजेड हलला, मला दिसला."



"तुम्ही त्याची गिऱ्हाइकं घेत बसलात," नर्स म्हणाली. "मला त्याची गिऱ्हाइकं नको होती. मला त्याला कोर्टात बघायचं होतं."

हिरो उठून दाराकडं निघाला. मोठ्या सिस्टर दारात जाऊन उभ्या राहिल्या, त्याला अडवायला नव्हे, पण त्यांच्या शेजारून वाट नव्हती. तो म्हणाला, मी सांगितलं, आता बाईंनी शब्द पाळावा. बाईंच्या मनात त्या वेळी काय आलं ते त्यांनी पुढं लपवलं नाही: त्यांना वाटलं, नाहीच म्हणावं. पडू दे म्हातारीला वर. त्यांचं तोंड उघडलंही होतं.

नर्सच आधी बोलली. "लिफ्ट बसवा. त्यांना खाली आणायला मी येईन, मला ते काम येतं. म्हातारीनं आपलं काय वाकडं केलंय? पण हा आत्ता बोललाय ते आम्ही चौघींनी ऐकलंय, तुम्ही पाचव्या. उद्या इन्स्पेक्टरकडं जायचं. तुम्ही येणार की पुन्हा भोकातून बघणार?"

बाई म्हणाल्या, येते.

दुपारी त्यांनी हिरोच्या इमारतीत आपलं पॅनल बसवलं. फिटरनं बटण बसवलं आणि दाबून बघितलं, खाली घंटा वाजली. हिरो जिन्यात उभा राहून बघत होता. उद्या आपल्यावर काय येणार आहे हे त्याला ठाऊक होतं आणि तरी त्याला लिफ्ट हवीच होती. बाई स्क्रू पिळत होत्या आणि त्यांच्या आयुष्यात इतक्या सावकाश त्यांनी कधी स्क्रू पिळले नसतील. नर्सनं चादरीची घडी अंगाखाली सरकवून त्याच्या आईला खुर्चीत घेतलं, पाय नीट ठेवले, आणि खाली नेलं. म्हातारीला बोलता नीट येत नव्हतं. तिनं नर्सचा हात सोडला नाही. मुलगा आणि ही माणसं एकमेकांची कोण लागतात हे तिला कुणी सांगितलं नाही.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. हिरोनं बोललेलं नाकारलं, दवाखान्यात मला कोंडून वदवून घेतलं म्हणाला. पण फिटरला आता आठवत होतं. एवढंच नव्हे, बदललेल्या भोकाच्या पट्ट्या त्या वेळी भंगारात न टाकता त्यानं घरी नेल्या होत्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकल्या होत्या. पोलिसांनी खुराड्यासकट त्या आणल्या, कोर्टात चार दिवस पिसांचा वास होता. हिरोला कैद झाली. लिफ्टच्या धंद्यात त्याला पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही असंही ठरलं.

त्या निकालात बाईंबद्दलही एक परिच्छेद होता. बटणं काढल्याचं कळल्यावर त्या इन्स्पेक्टरकडं गेल्या असत्या, तर एक माणूस कदाचित वाचला असता, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. दोन बाकं पुढं नर्स बसली होती, तिनं मागं वळून बघितलं नाही. बाहेर आल्यावर बाई तिच्याजवळ गेल्या. आपण काय बोलायला गेलो होतो हे त्यांना नीटसं सांगता येत नाही. नर्स म्हणाली, "ते खरंच आहे. पण आज मला त्याच्यावर रागवू द्या. तुमच्यावर नंतर रागवेन." आणि बस पकडायला गेली. त्यानंतर त्यांचं येणंजाणं झालं नाही.

लोकांना वाटतं, असा सूड घेऊन माणूस आतून पोकळ होतो. नवऱ्यानंही तसं सुचवून बघितलं. बाई म्हणाल्या, मला तर त्या दिवशी सडकून भूक लागली होती. त्या दोनदा वाढून घेऊन जेवल्या आणि गाढ झोपल्या. लेकीला फोन करून निकाल सांगितला, आणि मग बहुधा पहिल्यांदाच विचारलं, तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे? लेक म्हणाली, तळमजल्यावर, आई. चार वर्षं झाली.

भिंतीवरची पॅनलं बाईंनी काढली नाहीत. काम मात्र बदललं. दवाखान्यांच्या औषधाच्या फ्रिजांना तेच बोर्ड, तीच सिस्टीम आता त्या बसवतात. तापमान वाढलं की फ्रिज स्वतः फोन लावतो. मोठ्या सिस्टरनी त्यांचं नाव सुचवलं म्हणतात. परगावच्या ऑर्डरीही त्या आता घेतात.

हिरो सुटून आल्याचं फिटरनं सांगितलं. त्यानं बाजाराच्या मागं दुकान टाकलं होतं. पाणी शुद्ध करायची यंत्रं, समोर काच असलेली, काचेला बोट लावलं की गार, कोमट, गरम. बाईंनी ऐकून घेतलं. हातातला बोर्ड सोल्डरचा शेवटचा डाग देऊन पूर्ण केला, फुंकर मारली. मग फिटरला विचारलं, आत बोर्ड कुठला वापरतो, आणि गरम पाणी बंद करायचा खटका वेगळा आहे की काचेवरच?

नवरा पुढच्या काउंटरवरून वळून बघत होता.

"नुसतं विचारलं," बाई म्हणाल्या.